आफ्रिकेत असं नसतं

विक्रोळीला जंगल आहे असं सांगितलं की दादरची माणसं समजुतीने मान डोलावतात आणि "हो ना, सिमेंटचं!" म्हणतात. त्यांना वाटतं आपण कोटी केली. पण विक्रोळीला खरोखरीच जंगल आहे. पूर्व द्रुतगती मार्ग ओलांडावा, कन्नमवार नगरातल्या शेवटच्या इमारती मागे टाकाव्यात, की खाडीकाठचं खारफुटीचं रान सुरू होतं. त्यात कोल्हे राहतात. रात्री कधी कधी त्यांची कोल्हेकुई ऐकू येते आणि मग नगरातली कुत्री आपापल्या इमारतीच्या वतीने तिला उत्तर देतात. हिवाळा सरत आला की ठाण्याच्या खाडीत हजारोंनी रोहित पक्षी उतरतात. 2015 साली तिथे त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 साली ती जागा रामसर यादीत गेली. म्हणजे आम्ही तसे आंतरराष्ट्रीय दर्जाच्या चिखलाशेजारी राहतो.

एवढं सगळं दाराशी असताना आमच्या नानाला मात्र आफ्रिकेशिवाय दुसरं जंगल ठाऊक नाही.

नाना 2011 च्या ऑगस्टमध्ये एका सहल कंपनीबरोबर केनियाला जाऊन आला. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांचं व्याज तो अजून खातो आहे. खाडीवर रोहित दाखवावेत तर म्हणतो, "नाकुरूला बघ एकदा. हे काहीच नाही." नाकुरूच्या सरोवरात असतो तोच धाकटा रोहित आपल्याकडेही येतो, हे त्याला पटत नाही. आफ्रिकेतला पक्षी अंगाने मोठा नसला तरी मनाने मोठा असतो, असं काहीतरी त्याचं मत आहे. कोल्ह्यांच्या बाबतीत एकदा मी त्याला गाठला. आफ्रिकेत ज्याला वर्षानुवर्षं सोनेरी कोल्हा म्हणत होते त्याची जनुकं तपासली, तर तो आपल्या कोल्ह्याचा भाऊ नसून लांडग्याच्या जवळचा निघाला. हे 2015 साली जाहीर झालं. म्हटलं, "नाना, तिथे कोल्ह्यालासुद्धा आपण कोण ते माहीत नव्हतं. आमचा विक्रोळीचा कोल्हा बघ, पहिल्यापासून कोल्हा." नाना म्हणाला, "बघ! आफ्रिकेत कोल्हेसुद्धा लांडगे असतात." या माणसापुढे काय बोलणार?

नाना कारखान्यात टूलरूममध्ये होता. मी शाळेत. निवृत्त होऊन आम्हा दोघांनाही बरीच वर्षं झाली, पण तो मला अजून 'मास्तर' म्हणतो. आम्ही एकाच जिन्यावर समोरासमोर पंचेचाळीस वर्षं काढली. त्याच्याकडे 1999 सालची मारुती 800 आहे. माझ्याकडे गाडीही नाही आणि ती चालवण्याची विद्याही नाही. त्यामुळे पंचवीस वर्षं त्याच्या डाव्या बाजूला बसायचा मान माझा.

2024 च्या पावसाळ्यात नानाच्या डोळ्यात काचबिंदू निघाला. काचबिंदूचा स्वभाव आतल्या गाठीचा. मोतीबिंदू निदान समोरून येऊन अंधार करतो. हा बाजूबाजूने नजर कुरतडत येतो आणि कुरतडलेलं कळतही नाही. डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले आणि सांगितलं, "तूर्त दिवसा चालवा, पण संधिप्रकाशात आणि रात्री स्टिअरिंगला हात लावायचा नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू." नानाच्या मुलीने पुण्याहून फोन करून गाडी विकायचा ठराव मांडला. वहिनींनी अनुमोदन दिलं. आमच्या घरून, काही संबंध नसताना, हिनेही पाठिंबा जाहीर केला. त्यातच इमारत पुनर्विकासाला जायची होती, म्हणजे गाडी उभी करायची जागाही जाणार होती.

नाना काही बोलला नाही. दोन दिवसांनी जिन्यात भेटला आणि म्हणाला, "मास्तर, ताडोबाला जाऊ. गाडीने."

"नऊशे किलोमीटर आहे."

"आफ्रिकेत आम्ही रोज दीडदोनशे करत होतो. तेही खड्ड्यातून."

"तेव्हा ड्रायव्हर होता."

"त्याने एकदा मला स्टिअरिंग धरायला दिलं होतं," नाना म्हणाला. ही माहिती मला तेरा वर्षांत प्रथमच मिळत होती.

मी आढेवेढे घेतोय असं पाहून त्याने हुकमाचं पान काढलं. "ज्याच्या नावाच्या नगरात जन्म काढलास त्याचं गाव कुठलं, सांग." मारोतराव कन्नमवार हे महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री, 1962 ते 1963, पदावर असतानाच वारले, आणि ते चंद्रपूरचे. हे मी स्वतः इतकी वर्षं पोरांना शिकवलं होतं. ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात. शिक्षकाला त्याच्याच धड्यात पकडल्यावर तो काय करणार? वहिनींना आम्ही "दिवसाउजेडीच चालवू, मध्ये मुक्काम करू" असं वचन दिलं आणि डिसेंबरात निघालो.

गाडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुढे लागणार आहे. मारुती नवी असताना नानाने हौसेने तिला रिव्हर्स हॉर्न बसवून घेतला होता. त्या काळी ती मोठी चाल होती. गाडी मागे घेतली की कुणाची पाश्चात्त्य सुरावट वाजायची, कुणाचं कुत्रं भुंकायचं. नानाच्या गाडीतून एका हिंदी आरतीची चाल वाजते, तीही अशा आवाजात की दुसऱ्या मजल्यावरच्या आजी झोपेतून उठून हात जोडतात.

कसारा घाटापर्यंत प्रवास कसा झाला ते सांगण्यात अर्थ नाही. ठाण्यापासून भिवंडीपर्यंत जो गेला आहे त्याला ठाऊक आहे, जो गेला नाही त्याने जाऊ नये. घाटात नानाने फोटोसाठी गाडी थांबवली. डोक्यावर नैरोबीहून आणलेली रुंद काठाची टोपी. कसाऱ्याची माकडं प्रसिद्ध आहेत. एक हुप्प्या कठड्यावरून शांतपणे आला, टोपी उचलली आणि झाडावर गेला. टोपीवाल्याच्या गोष्टीत टोपीवाला आपली टोपी खाली आपटतो आणि माकडं आपापल्या टोप्या टाकून देतात. पण त्यासाठी आपल्याकडे दुसरी टोपी लागते. नाना रिकाम्या डोक्याने पाच मिनिटं वर बघत उभा राहिला. मी म्हटलं, "आफ्रिकेत माकडं—" "चल," नाना म्हणाला.

इगतपुरीला समृद्धी महामार्ग धरला. तेव्हा तो इगतपुरीपासून नागपूरपर्यंत 625 किलोमीटर खुला होता. उरलेला शहात्तर किलोमीटरचा तुकडा 2025 च्या जूनमध्ये जोडला गेला. या रस्त्यावर मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे. आमच्या गाडीची मर्यादा तिने स्वतःच घालून घेतलेली होती : 70. त्यापुढे दारं बोलायला लागत. बाकीच्या गाड्या आमच्या बाजूने अशा जात होत्या की आपण उभेच आहोत असं वाटावं. आणि या सगळ्यात माझी नेमणूक होती डाव्या डोळ्याची. "डावीकडून ट्रक", "डावीकडे मोटरसायकल उभी", "डावीकडे काही नाही" असं मी अखंड समालोचन करत होतो. नाना वरवर चिडायचा, "मला दिसतंय रे!" पण मी दोन मिनिटं गप्प बसलो की हळूच विचारायचा, "डावीकडे काय?"

जालन्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. हिशेबाने दुपारी तीन-साडेतीनला ताडोबाच्या दारात, मोहर्लीला. कारंज्याच्या सुमाराला बॉनेटमधून वाफ आली. रेडिएटरची नळी फुटली होती.

नाना टूलरूमचा माणूस. असल्या प्रसंगी त्याच्या चेहऱ्यावर तेज चढतं. डिकीतून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली, नळीला करकचून गुंडाळली, वर तार आवळली. नळी बरी झाली, पण पाणी? आमच्याकडच्या दोन बाटल्या ओतल्या, त्या गाडीने एका घोटात संपवल्या. समृद्धीवर बाजूला चहाची टपरी नसते, विहीर नसते, काही नसते. दोन्ही बाजूंना कुंपण आणि मधे आपण. मदतीचा फोन लागला, "गाडी येतेय" म्हणाले. तेवढ्यात कुंपणापलीकडे एक धनगर मेंढरं घेऊन आला. तास-दीड तास आम्ही काय केलं असेल, तर तो त्याच्या कॅनमधून आमची बाटली भरायचा, जाळीच्या भोकातून आत सरकवायचा, मी ती नानाकडे न्यायचो आणि रिकामी परत आणायचो. रेडिएटर भरला, तापला, पुन्हा भरला.

"पलीकडं माझं वावर हाय," रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला हात करून तो म्हणाला. "आधी चार पावलं होतं. आता बोगद्यातून फिरून जा लागते."

त्याच परिसरात काळविटांचं अभयारण्य आहे, आणि जनावरांना ओलांडायला या महामार्गावर काही ठिकाणी खास पूल आणि भुयारं केली आहेत. मी ही माहिती मास्तरी उत्साहात त्याला दिली. तो म्हणाला, "जनावराचं बरं हाय मंग." पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. टोल किती पडला तेवढं विचारलं, आकडा ऐकून बराच वेळ हसला आणि मेंढरं घेऊन गेला.

वर्ध्याजवळ महामार्ग सोडून जाम, वरोरा, भद्रावती करत चंद्रपूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मी म्हटलं, "नाना, इथेच राहू. सकाळी जाऊ." नाना म्हणाला, "सकाळची सफारी काढलीये. आता अर्ध्या तासाचा रस्ता. अजून सगळं दिसतंय." सगळं दिसत होतं हे खरं. वीजकेंद्राची धुराडी दिसत होती, दुर्गापूरच्या कोळसा खाणीची धूळ दिसत होती. चंद्रपूरचे वाघ जंगलातच असतात असंही नाही, या खाणी आणि धुराड्यांच्या आसपासही ते वावरतात, हे मी वाचलं होतं. पण ते बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

पद्मापूरचा नाका ओलांडला आणि दोन्ही बाजूंना जंगल आलं. बांबू, साग. हवा एकदम गार. डिसेंबरात तिकडे दिवस मुंबईपेक्षा लवकर मावळतो हे आम्ही हिशेबात धरलंच नव्हतं. नानाने दिवे लावले. मी माझं समालोचन चालू ठेवलं : "डावीकडे चितळं. डावीकडे दगड. डावीकडे..."

डावीकडे वाघ होता.

तो रस्त्याकडेच्या गवतातून आमच्याच दिशेने, सरकारी माणसासारखा अगदी निवांत चालत होता. मी "नाना, वाघ" एवढंच म्हटलं. ओरडलो नाही, आवाजच तेवढा निघाला. नानाने ब्रेक दाबला, क्लच दाबायचा राहिला, गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. वाघ रस्त्यावर आला, आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर थांबला, मान वळवून दिव्यांकडे पाहिलं, आणि डांबर दिवसभराच्या उन्हाने ऊबदार असावं म्हणून असेल, मधोमध खाली बसला.

मारुती 800 ची काच किती जाड असते हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत पडला नव्हता. मी हळूहळू माझ्या बाजूची काच वर केली. हँडल दर फेऱ्याला कुंई कुंई करायचं. वाघाने कान हलवला. मी काच अर्ध्यावरच सोडली.

"गाडी चालू कर आणि मागे घे," मी कुजबुजलो.

नाना म्हणाला, "मास्तर, आरती."

दोघंही गप्प झालो. गाडी मागे घ्यायची तर रिव्हर्स टाकायचा. रिव्हर्स टाकला की आरती. निर्मनुष्य जंगलात, बसलेल्या वाघासमोर, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी उठतील अशा आवाजात. वाघ हे देवीचं वाहन खरं. पण आरती ऐकून वाहन नेमकं काय करतं, उठून जवळ येतं का, याबद्दल शास्त्राधार आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता. "हॉर्नची वायर काढता येते," नाना म्हणाला. "मग काढ." "डिकीत आहे." म्हणजे खाली उतरायला हवं. तो विषय तिथेच संपला.

"आफ्रिकेत काय करतात रे?" मी खरंच विचारलं, चिडवायला नाही.

"तिथला ड्रायव्हर म्हणायचा, पोले पोले." स्वाहिलीत याचा अर्थ हळूहळू. आमची गाडी उभीच होती. याहून पोले काय होणार?

किती वेळ गेला ते सांगत नाही, कारण नाना दहा मिनिटं म्हणतो आणि मी अर्धा तास. मग मागून दिवे आले. मोठे, पिवळे, थरथरणारे. एसटी! लाल डब्याचं दर्शन जन्मात इतकं गोड वाटलं नव्हतं. गाडी आमच्या मागे थांबली. ड्रायव्हरने दोनदा दिवे कमी-जास्त केले आणि एकदा, अगदी थोडका, हॉर्न दिला. एखाद्या ओळखीच्या माणसाला बाजूला हो म्हणावं तसा. वाघाने जांभई दिली, उठला, अंग ताणलं आणि उजवीकडच्या बांबूत शिरला. एसटी आमच्या बाजूने पुढे जाताना ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "रातच्याले इथं थांबत नसते जी!" त्याला वाटलं आम्ही वाघ बघायला थांबलो होतो. पुढे तो, मागे आम्ही, असे मोहर्लीत शिरलो.

रात्री जेवण झाल्यावर बाहेर शेकोटीशी बसलो होतो. शेजारच्या खोलीतल्या मंडळींना मी वाघाची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. नाना त्यात कुठेच बोलला नाही. एकदाही आफ्रिका नाही. ती माणसं उठून गेल्यावर म्हणाला, "मास्तर, किती वेळ होता तो डावीकडे?"

"होता थोडा."

"किती?"

"चितळं दिसली ना, त्यानंतर लगेच मला दिसला."

"मला चितळंही नाही दिसली," नाना म्हणाला. नंतर त्याने लाकूड पुढे सारलं आणि बराच वेळ जाळाकडे बघत बसला. मीही बसलो. एरवी मला काहीतरी सुचतं.

सकाळी सफारी. आत आपली गाडी नेता येत नाही, जिप्सी घ्यावी लागते, बरोबर गाईड. मोबाइल बाहेर ठेवायचा. गाईड म्हणजे गावातलीच एक तरुण बाई होती, खाकी पोशाख, पायात बूट. तिने सांगितलं की ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. 1986 ला अंधारी अभयारण्य झालं आणि 1995 ला दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. गाभ्याचं क्षेत्र 625 चौरस किलोमीटर. मी नानाला कोपराने ढोसलं : समृद्धीचा आकडा! तलावाकाठी तिने तारूचं ठाणं दाखवलं. तारू हा गोंडांचा पुढारी, वाघाशी झुंजताना मेला. त्याचाच तारोबा आणि मग ताडोबा. पौषात तिथे जत्रा भरते. वाघाशी लढून हरलेल्या माणसाचा देव होतो हे मला फार आवडलं. जिंकला असता तर नुसता शिकारी झाला असता.

त्या सकाळी आम्हाला गवे दिसले. आमच्या गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास; थोराड गवा तिच्याहून जड भरतो, आणि त्याला नळी नसते. रानकुत्र्यांची टोळी दिसली. तलावात मगरी लाकडासारख्या पडल्या होत्या. वाघ दिसला नाही. इतर जिप्सीतली मंडळी हळहळत होती. आम्ही दोघं त्या बाबतीत अगदी समाधानी होतो.

नानाला हळूहळू कंठ फुटला. त्याने बाईंना मसाईमारा सांगितलं. मारा नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे कळप सांगितले, गाडीच्या सावलीत येऊन बसलेली सिंहीण सांगितली. ती सगळं लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारलं, "आफ्रिकेत वाघ किती असते जी?"

नाना थांबला. "वाघ नसतात तिथे."

"एकही नाई?"

"नाही."

"मंग मोहफुलं येचाले बायका बिनघोर जात असतीन," ती म्हणाली. तिच्या गावातल्या कोण बाया पहाटे मोह वेचायला आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जंगलात जातात, आणि कशा चार-पाच मिळून, बोलत बोलत, डबे वाजवत जातात, ते तिने सांगितलं. एकटीने जाऊन परत न आलेली तिच्या गल्लीतली एक बाई होती. हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. ठसे दाखवावेत तसं सांगत होती. नानाने आफ्रिका मिटून ठेवली.

परतायच्या दिवशी मी बॅगा घेऊन बाहेर आलो तर गाडीच्या उजव्या दाराशी एक विशीतला पोरगा उभा. नानाने आदल्या रात्रीच ठरवलं होतं. तो गाईडबाईंचा दीर, जिप्सी चालवायचा. विक्रोळीपर्यंत गाडी पोचवून रेल्वेने परत येणार होता. नानाने किल्ली त्याच्या हातावर ठेवली, रिव्हर्स हॉर्नची सगळी हकीकत समजावून दिली आणि जाऊन डावीकडे बसला. माझ्या जागेवर. मी मागे.

तुम्हाला वाटेल नाना खिन्न वगैरे झाला असेल. छे. नऊशे किलोमीटर त्याने त्या पोराला सळो की पळो करून सोडलं. "क्लचवरचा पाय काढ." "सत्तरच्या वर जायचं नाही, दारं बोलतात." आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे नानाने माझी नोकरीही घेतली होती. डावीकडचं त्याला दिसत नव्हतं, म्हणून तो उजवीकडचं सांगत होता. "उजवीकडून ट्रक. उजवीकडे पांढरी गाडी." दोनेक तासांनी पोरगं नम्रपणे म्हणालं, "काका, उजवीकडचं मले दिसते जी."

मागच्या सीटवरून मी म्हटलं, "डावीकडे काही नाही."

कारंज्याच्या पुढे नानाने आफ्रिका उघडली. तिथली गाडी कशी, तिचं छप्पर कसं वर होतं, रस्ते कसे. पोरगं ऐकत होतं. मग म्हणालं, "वहिनी सांगत होती. तिथं वाघ नसते ना जी?" मोहर्लीत एव्हाना सगळ्यांना कळलं असावं.

नाना जालन्यापर्यंत गप्प. जालन्याला चहाला थांबलो तेव्हा त्याने पुन्हा उचल खाल्ली. स्वाहिली भाषेत गाडीला 'गारी' म्हणतात, तो शब्द मुळात आपल्याकडूनच तिकडे गेला, आणि चहाला म्हणतात 'चाय', हे त्याने पोराला सांगितलं.

"आमच्याकडंही चायच म्हणते जी," पोरगं म्हणालं, आणि बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घालू लागलं.